काशाची वाटी, साताऱ्यातून घेतलेली

मोती चौकातल्या एका भांड्यांच्या दुकानातून तळपायाला घासायची काशाची वाटी आणली. दिवसभर काउंटरवर उभं राहून टाचा बोलायला लागल्या होत्या. आता रात्री ओटा आवरला की मोबाइल लांब ठेवते आणि अर्धा चमचा तूप लावून एकेक पाय 5 मिनिटं घासते. तूप काळंकुट्ट होतं. दुकानदार म्हणाले होते, "ताई, अंगातली उष्णता निघते." कसली उष्णता! कासं म्हणजे तांबं नि कथील. तुपात धातू घासला की काळं येणारच. पण पाय हलके होतात, हे खरं. वाटीची कड मात्र खरखरीत निघाली, पॉलिश पेपरने घासावी लागली. आणि जुनं फडकं हाताशी ठेवा, माझी पांढरी चादर गेली.