बाबांच्या वह्या अन् गणपती पेठेतलं बाइंडिंगचं दुकान
बाबा गेले त्याला मार्चमध्ये वर्ष झालं. आधी कोयनेला इंजिनिअर, नंतर सांगलीत पोरांना शिकवायचे, त्यांच्या शिकवायच्या तीन जाडजूड वह्या २०१९ च्या पुरात भिजलेल्या, पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. गणपती पेठेतल्या बाइंडिंगवाल्या काकांकडे नेल्या तर त्यांनी आधी चहा सांगितला, मग एकेक पान हलक्या हाताने उलटून बघितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन मजबूत केलं ना, त्याची पेन्सिलने काढलेली आकृती आणि त्याच पानाच्या कडेला 'ताईची फी, हिचा चष्मा'. काका म्हणाले, कडा अजिबात कापत नाही, साहेबांचं अक्षर जाईल.

नुसता गोंद लावून दिलं नाही, दोऱ्याने शिवलंय, वर खाकी रेक्झिन, आणि वही पूर्ण सपाट उघडते, हे मला फार आवडलं. तिन्हीचे ९०० रुपये. आठ दिवस सांगून पंधरा लावले, पण असलं काम घाईत होत नाही, जुन्या वह्या असतील तर बिनधास्त द्या.

घरी आणल्यावर आईने वही मांडीवर घेतली आणि चष्म्याच्या त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली.