दोन फुटी लॅमिनार फ्लो, तेरा महिने वापरून: मागच्या चार स्क्रूंबद्दल

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हा टेबलटॉप लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेचा सरळ झोत सोडणारी टेबलावरची पेटी, घेतला. ३८,००० रुपये, गाडीभाडं वेगळं. घरच्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या शेंगेतलं बी बाटलीत पेरायचं, एवढ्याच कामासाठी. हेपा फिल्टर (हवेतली अगदी बारीक धूळ आणि बुरशी अडवणारा मुख्य फिल्टर), यूव्ही दिवा, स्टीलचा ओटा ही माहिती विकणाऱ्याकडे मिळेल, ती मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते पाठीमागच्या पत्र्याबद्दल. तो चार स्क्रूंनी आवळलेला आहे आणि त्याच्या आत प्री-फिल्टर, म्हणजे हेपाच्या आधी जाडी धूळ अडवणारा फिल्टर, बसवलाय. या चार स्क्रूंपायी माझ्या २६ बाटल्या गेल्या.

सुरुवात फार छान झाली होती. सप्टेंबरात फुलाला हाताने परागण केलं होतं. जानेवारीत आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा चालू असताना शेंग काढली. पिवळी पडून फुटायच्या आत, हिरवी असतानाच काढायची, कारण बंद शेंगेतलं बी आतून निर्जंतुक असतं. शेंग बाहेरून ब्लीचने धुतली, स्पिरिट लावलं की काम भागतं. फुटलेल्या शेंगेचं बी मात्र वेगळं धुवावं लागतं आणि ते पिठासारखं असल्यामुळे निम्मं वाहून जातं. फ्लोमध्ये शेंग उभी चिरली, तर आत फिकट पिवळी पूड. चिमट्याच्या टोकावर बसेल तेवढ्यात शेकडो बिया.

या बीजवळ स्वतःची शिदोरी नसते. रानात त्याला बुरशी पोसते. बुरशीशिवाय, नुसत्या साखर घातलेल्या अगारवरही (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवरही) ते रुजतं हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस क्नुडसन यांनी १९२२ साली दाखवलं आणि आजही आपण त्याच वाटेने जातोय. पण तीच साखर हवेतल्या प्रत्येक बुरशीलाही आवडते. माध्यम, म्हणजे बाटलीतलं हे साखर-अगार, कुकरमध्ये नीट शिजवता येतं. आपल्या साध्या कुकरचा दाबसुद्धा सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर २० मिनिटं पुरतात. खरा धोका नंतरचा, बाटलीचं झाकण उघडं असतं त्या अर्ध्या मिनिटाचा. त्या अर्ध्या मिनिटासाठी ३८,००० मोजले.

मार्चमध्ये बाटलीच्या तळाशी रव्याच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके दिसले. मी रोज दोनदा बघायचे. मे महिन्यात दाणे नव्या माध्यमावर पसरले: ६० बाटल्या, खराब झाल्या फक्त २. सोलापूरचा मे, बाहेर ४२-४३ अंश, आणि काम करताना छताचा पंखा नाही, कूलर नाही, कारण बाजूने आलेला वारा फ्लोचा सरळ वारा मोडतो. मी पहाटे साडेचारला बसायचे आणि सातच्या आत आवरायचे. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते.

जुलैत ४० बाटल्या केल्या. दहा दिवसांत २६ बाटल्यांत बुरशी. ठिपके रोपांपासून लांब, माध्यमावर इकडेतिकडे विखुरलेले. हत्यार किंवा रोप अस्वच्छ असेल तर घाण सहसा रोपाच्या बुडापासून पसरते, जीवाणू असतील तर दुधाळ चिकट दिसते. विखुरलेले ठिपके म्हणजे वरून पडलेलं, हवेतलं. म्हणजे हात माझा चुकला नव्हता.

सर्व्हिसला फोन केला. माणूस आला, समोरून हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, हेपा गेला." नवीन फिल्टर बसवून १४,५००, येण्याचे १,५०० वेगळे. वॉरंटी वर्षाची आहे म्हटलं, तर फिल्टर त्यात धरत नाहीत. आठ महिन्यांत हेपा जातो कसा, यावर उत्तर नाही. आणि या सगळ्यात त्याने मागचा पत्रा उघडलाच नाही! चार स्क्रू काढायला पाच मिनिटं लागली असती. मी १,५०० दिले, बाकी काही करू दिलं नाही. रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना स्क्रू काढायला लावले. एक स्क्रू आटे गेलेला, तो पकडीने पिळून काढावा लागला. पत्रा निघाला आणि प्री-फिल्टरवरून वातीच्या कापसासारखी सलग पोळी सुटून आली. करडी, मधे निळे आणि लाल तंतू. आमच्या मागच्या गल्लीत चादरी-टॉवेलचे लूम आहेत आणि मी मशीन त्याच बाजूच्या खिडकीशी, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. दिवसभराचा कापूस ते ओढत होतं. मागून हवाच मिळेना, म्हणून समोरचा झोत मंदावला आणि खोलीतली हवा आत शिरायला लागली.

प्री-फिल्टर साबणाच्या पाण्यात धुतला आणि सावलीत दिवसभर वाळवला. (हेपाला पाणीच काय, बोटसुद्धा लावू नका.) मग नुसत्या माध्यमाच्या चार बाटल्या फ्लोमध्ये अर्धा तास उघड्या ठेवल्या, झाकणं लावून आठवडाभर पाहिल्या. चारही स्वच्छ. धुण्याआधी अशाच चार ठेवल्या होत्या, त्यातल्या तीन गेल्या होत्या. १४,५०० रुपये वाचले ते या आठ बाटल्यांमुळे.

इथपर्यंतचं मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरात 'घेऊ नका' लिहिलं होतं. ते आता काढते. मागच्या लूमवाल्या अण्णांना ती पोळी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "ताई, लूम रोज झाडावं लागतं, नाहीतर धागा तुटतो. तुमचं मशीन कधी झाडता?" राग उतरायला मला दोन दिवस लागले, पण त्यांचं खरं होतं. मशीन आता मधल्या खोलीत, भिंतीपासून हातभर लांब ठेवलंय. प्री-फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुते. ऑगस्टपासून ७२ बाटल्या केल्या, ३ गेल्या.

तरी बनवणाऱ्यांची चूक मी माफ करणार नाही. जो भाग सारखा धुवायचा, तो स्क्रूंमागे का? नुसती खिट्टी चालली असती. आणि फिल्टर तुंबलाय हे सांगणारा दाबमापक या किमतीत देत नाहीत, निदान माहितीपत्रकात महिना-पंधरवडा काहीतरी लिहा! मी आता अण्णांकडून चादरीची एक दशी आणून समोरच्या वरच्या कडेला बांधली आहे. झोत नीट असला की ती माझ्याकडे झुकते, सरळ लोंबायला लागली की धुवायची वेळ झाली. स्क्रूंच्या जागी हाताने फिरवायचे पंखवाले नट बसवले. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू सोबत घेऊन जा, माप बरोबर मिळतं.

वीज गेली की झोत थांबतो, तेव्हा उघडी बाटली लगेच झाका आणि वीज आल्यावर निदान २० मिनिटं मशीन नुसतं चालू ठेवा. यूव्ही दिव्यावर फार भिस्त ठेवू नका, स्पिरिटने पुसणं जास्त कामाचं.

बाकी रोपं बाहेर काढल्यावर सोलापूरच्या कोरड्या हवेत जगवणं ही वेगळी लढाई आहे. नोव्हेंबरात १५ रोपं काढली. मुळांवरचं अगार कोमट पाण्यात धुवून नारळाच्या सोडणात, झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. ९ जगलीत. त्यातल्या एकाला काल नवं मूळ दिसलं, टोक हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं. बियांची रोपं असल्यामुळे नऊही वेगळी निघणार, फुलं कुठल्या रंगाची येतील ते तीन-चार वर्षांनी कळेल.