गोळीबार पाहिलेल्या माणसाला टेली-मानस किती उपयोगी पडते?

बाजारात, हॉटेलच्या पार्किंगमध्ये किंवा वाड्यावर गोळी सुटली, समोरचा माणूस कोसळला आणि आपल्या अंगावर साधा ओरखडाही नाही. अशा साक्षीदाराकडे सहसा कुणी वळून बघत नाही. जखमीला १०८ घेऊन जाते, पोलीस पंचनाम्याला लागतात आणि घरचे म्हणतात, ‘वाचलास ना, आता विसर ते.’ विसरता येत नाही, हीच तर अडचण असते. गोव्यात या माणसाला रात्री दोन वाजताही मराठीत, फुकट बोलता येईल अशी सोय म्हणजे टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली आणि तिची सूत्रं बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. आमचं मत आधीच सांगतो: पहिल्या चार आठवड्यांसाठी ही सेवा फार मोलाची आहे, त्यापुढे एकटी पुरत नाही.

नंबर १४४१६ किंवा १८००८९१४४१६. भाषा निवडली की फोन समुपदेशकाकडे जातो. गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता देतो. ही दुसरी पायरी आपणहून मागावी लागते, असं धरून चला. सिमकार्ड कुठलंही असो, ‘मी आत्ता गोव्यात आहे, तालुका अमुक’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. मग घटना कधी झाली, आत्ता सुरक्षित जागी आहात का, सोबत कोण आहे आणि झोप किती लागते, एवढं सांगितलं की बास. जीव द्यायचे विचार येत असतील तर सगळ्यात आधी ते सांगायचं, बाकीचं मागून.

बहुतेकांची गाडी अडते ती पुढे. फोन लागला की लोक अख्खी घटना सुरुवातीपासून, रक्ताच्या तपशिलासकट सांगू लागतात आणि फोन ठेवल्यावर आधीपेक्षा जास्त थरथरतात. पहिल्या दिवसांत सगळं ओकून टाकलं की मोकळं वाटतं, हा समज चुकीचा आहे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने नाकारलेली आहे. म्हणून समुपदेशकाला थेट सांगा: ‘काय पाहिलं ते आज नको, आजची रात्र कशी काढू ते सांगा.’ मग तो सहसा श्वासाचा व्यायाम देतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. दचकून जाग आली की दिवा लावून पाय लादीवर टेकवायचे आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. मन अजून त्या जागी अडकलेलं असतं, याने ते आजच्या खोलीत परततं.

झोपेच्या गोळ्यांचं काय? शेजाऱ्याच्या डब्यातली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेऊ नका. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात या जातीच्या गोळ्या आघाताच्या त्रासावर देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. झोप येते, पण आघात शमत नाही आणि सवय मात्र लागते. दारूचंही तेच.

फोनवर राहून जाऊ शकणारी एक गोष्ट म्हणजे कान. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि बंद खोलीत त्याचा मार आणखी बसतो. कानात शिट्टी वाजत राहिली, एका बाजूने कमी ऐकू येऊ लागलं, तर ‘घाबरल्यामुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नका. एका दिवसात थांबलं नाही तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा विभाग गाठा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

महिना उलटला तरी तेच चित्र डोळ्यांपुढे येत असेल, तो रस्ता टाळला जात असेल, दार आपटलं तरी छातीत धस्स होत असेल, तर आता फोन पुरे. बांबोळीला गोमेकॉजवळच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात जायचं. तिथे किंवा कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे ‘आघातावर केंद्रित उपचार मिळतील का’ असं स्पष्ट विचारा. हे उपचार साधारण ८ ते १२ बैठकांचे असतात. त्यांत आठवणीला टप्प्याटप्प्याने, तज्ज्ञाच्या सोबतीने सामोरं जायचं असतं. ते दर वेळी नव्या आवाजाशी फोनवर होणारं काम नव्हे, आणि टेली-मानसकडून ती अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

गोव्यात आवाजाचा हंगाम लांब असतो. चवथ, नरकासुराची रात्र, चर्चच्या फेस्ताचे फटाके. त्या ठरावीक तासांपुरते फोमचे इअरप्लग घाला, पण दिवसभर नकोत. कान सतत झाकले की साधे आवाजही टोचू लागतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, फटाक्यांची माळ लावण्यापूर्वी हाक मारा म्हणावं. अचानक येणारा आवाज आणि ठाऊक असलेला आवाज यांत फार फरक पडतो.

जबाबासाठीचा सल्ला टेली-मानसचं काम नाही. त्यासाठी विधी (कायदेविषयक) सेवेचा १५१०० नंबर आहे. बाई असेल, वय १५ च्या आत किंवा ६० च्या वर असेल, तर साक्षीदाराला पोलीस राहत्या घराबाहेर बोलावू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ कलमात हे आहे, आणि कमी लोकांना ठाऊक आहे.

घरात डुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक असेल, तर पहिल्याच दिवशी ती गोळीबार पाहिलेल्या माणसाच्या हाताला लागणार नाही अशी सोय करा. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती ठेवता येते. काडतुसंही सोबत द्या आणि पावती मागून घ्या.