स्टेंटचे आठ महिने: त्या गोळीबद्दलचं माझं मत बदललं

गेल्या आठवड्यात दाढ काढायची ठरली. दातांच्या दवाखान्यातून फोन आला, "रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवून या." किती सहज सांगितलं! मी ऐकलं असतं तर? हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, बसून मला जेमतेम आठ महिने झालेत.

लगेच माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वर्ष होईपर्यंत टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅस्पिरिन या दोन्हीपैकी एकही गोळी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दाढ गोळ्या चालू असतानाच काढली. एक टाका घातला, अर्धा तास गॉज दाबून बसले. संध्याकाळपर्यंत थुंकीत लाली होती, मग थांबली.

स्टेंट बसवण्याच्या प्रोसिजरची भीती सगळ्यांना असते, म्हणून तेही लिहिते. अटॅक आला त्या दिवशी भाकऱ्या थापताना जबडा आणि पाठ दुखायला लागली. पित्त समजून सोडा प्यायले आणि दोन तास घालवले. ते दोन तास मला अजून सलतात. बायकांनो, असं दुखणं अंगावर काढू नका. तार मनगटातून घातली, मी पूर्ण शुद्धीत होते. संमतीपत्रावर रक्तस्राव, पक्षाघात, डायमुळे (धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या द्रवामुळे) किडनीला त्रास, वेळ पडली तर तातडीने बायपास, असं सगळं होतं. मुलाने घाईत सही केली, मी ते नीट वाचलं घरी आल्यावर. प्रत्यक्षात मला झालं एवढंच की हात कोपरापर्यंत जांभळा पडला. दोन आठवड्यांत तो हिरवा-पिवळा होऊन निवळला.

खरा त्रास दिला टिकाग्रेलॉरने. दुसऱ्या आठवड्यात नुसती बसले असताना श्वास पुरेना. स्टेंट बंद पडला असं वाटून रात्री अकराला कॅज्युअल्टी गाठली. ईसीजी आणि इको दोन्ही ठीक. या गोळीने काहींना अशी धाप लागते, असं तिथे कळलं. हे डिस्चार्जच्या वेळी सांगायला काय झालं होतं? एका रात्रीचं बिल आणि घरच्यांचा जीव टांगणीला. तेव्हा लिहायला बसले असते तर ही गोळी घेऊच नका असं लिहिलं असतं.

डॉक्टर म्हणाले, गोळी बदलता येते, पण थोडे दिवस बघू. सहाव्या आठवड्यात धाप गेली. स्टेंटच्या जाळीवर धमनीचं आतलं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होऊ शकते, ती ही गोळी आणि अ‍ॅस्पिरिन मिळून रोखतात. हे समजल्यावर राग गेला. सकाळी आठ, रात्री आठ, गजर लावून घेते. मेडिकलवाल्याकडे संपली म्हणून एकदा रात्री तीन दुकानं फिरले, आता पंधरा दिवसांचा साठा घरात असतो.

खर्चाचं बोलायचं तर २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, पुढे त्यात बदल होत गेला. त्याआधी लाखाच्या वर मोजणारे लोक आमच्या ओळखीत आहेत. पण बिलात बलून, वायर, कॅथेटर वेगळे लागतात, ते एकेक ओळ विचारून घ्या.

आणि स्टेंटचं कार्ड मागून घ्या. त्यावर मापाचा आणि बॅच नंबरचा स्टिकर असतो. माझं कार्ड पर्समध्ये असतं, एक झेरॉक्स काल दातांच्या दवाखान्यातही देऊन आले.