भाड्याच्या घराला आपल्या हातानं रंग: डिस्टेंपर घ्यावा की इमल्शन?

इंदूरमध्ये दिवाळी महिन्यावर आली की पुताईवाला (रंगारी) मिळत नाही, आणि मिळाला तरी एका खोलीसाठी येत नाही. भाड्याच्या फ्लॅटमधली एखादी खोली स्वतः रंगवायची ठरली की सियागंजच्या बाजारात दुकानदार पहिल्यांदा हेच विचारतो: डिस्टेंपर देऊ की इमल्शन? दोन्ही पाण्यात कालवायचे, दोन्हींना वास कमी, दोन्ही नवख्या हातालाही जमणारे. आम्ही अखेर साधं, मॅट, स्वस्तातलं इमल्शन निवडलं. पण डिस्टेंपरची बाजू लंगडी नाही, आणि काही घरांना तोच शोभतो.

घरमालकाची परवानगी आधीच घ्या, आणि तीही लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर शेडचा फोटो पाठवून आलेलं ‘चालेल’ जपून ठेवलं तरी पुरतं.

हिशोब सोपा आहे. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली घ्या. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, त्यातून दार-खिडकी वजा केली की ४०० उरतात. इमल्शनचे दोन हात द्यायला चार लिटरचा डबा लागतो. डब्यावर यापेक्षा जास्त पसारा लिहिलेला असतो, पण नवखा हात रंग जास्त खातो आणि जुनी भिंतही खाते. डिस्टेंपर किलोवर मिळतो, त्याचा दहा किलोचा डबा या खोलीला पुरून उरतो. एका खोलीमागे फरक काही शे रुपयांचा पडतो. रोलर, ब्रश, पुट्टी, पॉलिश पेपर हे सगळं दोन्हीकडे सारखंच लागतं, त्यामुळे एकूण खर्चात हा फरक आणखी लहान दिसतो. तीन खोल्या आणि छतं करायची असतील तर मात्र तो जाणवतो.

खरा फरक तयारीत आहे, आणि तिथे डिस्टेंपर सरळ जिंकतो. आधी भिंतीवर काय आहे ते ओळखा. कोरडा तळहात घासून बघा; पांढरी पूड लागली तर चुना किंवा जुना डिस्टेंपर. मग ओला स्पंज अर्धा मिनिट दाबून फिरवा. रंग स्पंजावर आला तर नक्कीच. शेवटी चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीच्या मागे पापुद्रा आला तर त्यावर इमल्शन टिकणार नाही. इमल्शन वाळताना त्याची एकसंध पातळ साय धरते आणि ती आकसताना खालचा थर ओढते. खालचा थर भुसभुशीत असेल तर दोघंही मिळून भिंत सोडतात. म्हणून जुन्या डिस्टेंपरवर इमल्शन द्यायचं तर स्पंजानं भिंत भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पत्तीनं खरवडा, पुसून काढा, पूर्ण वाळू द्या आणि मग प्रायमर. पुसूनही पूड येतच असेल तर ऑइलवाला प्रायमर पाण्यावाल्यापेक्षा जास्त धरतो; त्याला वास असतो, तेव्हा रात्रभर खिडक्या उघड्या ठेवा. एका खोलीचा अख्खा दिवस यात जातो. डिस्टेंपरवर डिस्टेंपर द्यायचा असेल तर सुटलेले पापुद्रे काढून, १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं मारून, पुसलं की काम सुरू.

रामबागेसारख्या जुन्या वस्तीत चुन्याचे अनेक थर असलेली घरं अजून आहेत. तिथे या दोन्हींच्या नादी न लागता पुन्हा चुनाच द्यावा; ती भिंत ओल बाहेर टाकत असते, ती टाकू द्यावी.

खिळ्यांची भोकं बुजवायला पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचं पोतं आणू नका. ती कालवल्यावर दोन-तीन तासांत घट्ट होते आणि बहुतेक वाया जाते. किलोभर तयार अ‍ॅक्रिलिक पुट्टी घ्या. खोल भोक एकदम भरलं की वाळताना मधे खळगा पडतो, म्हणून दोनदा भरा. वाळल्यावर १८० च्या पेपरनं घासा आणि त्या ठिपक्यांवर प्रायमरचा हात द्या. तो चुकवला तर पुट्टी रंग शोषते आणि प्रत्येक भोक फिकट टिकलीसारखं दिसत राहतं.

भेगांचं गणित वेगळं. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बऱ्याच घरांच्या भिंतींवर, विशेषतः दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांवर, केसासारख्या भेगा दरवर्षी त्याच जागी उघडतात. कडक पुट्टी तिथे टिकत नाही. पत्तीच्या टोकानं भेग व्ही आकारात थोडी रुंद करा, धूळ काढा आणि लवचीक क्रॅक फिलर भरा. डिस्टेंपरखाली हीच भेग लवकर डोकं वर काढते असं आम्हाला दिसलं. इमल्शनची साय थोडी ताणली जाते, त्यामुळे बारीक भेग काही काळ झाकलेली राहते.

आता हात चालवणं. डिस्टेंपर चार इंची ब्रशनं बरा बसतो, पण ब्रशच्या रेघा राहतात. इमल्शनला नऊ इंची रोलर. लिटरमागे पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, आणि प्रत्येक वेळी मापून. साधारण ४०० मिली धरून चाला. अंदाजानं ओतलं की दुसऱ्या बादलीचा रंग वेगळा दिसतो. दोन डबे असतील तर आधी एकाच बादलीत एकत्र करा आणि जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळा. छत आधी, भिंती नंतर. दोन इंची ब्रशनं कडा कापा, म्हणजे रोलर पोचत नाही ते कोपरे आणि काठ आधी रंगवून घ्या, आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रंग हातोहात वाळतो आणि रोलरचे जोड उमटतात. सकाळी लवकर सुरू करा, पंखा बंद ठेवा आणि एक भिंत हातात घेतली की मधे चहाला उठू नका. पहिला हात भयानक दिसतो, खालचे ठिपके, पुट्टीचे ढग, सगळं वर येतं. रंग वाढवू नका. चार-सहा तासांनी दुसरा हात वरून खाली एका दिशेनं ओढताना ते ढग डोळ्यांदेखत विझत जातात. हे बघायचं सुख मजुरीनं काम करून घेण्यात नाही.

आमचा निर्णय मात्र स्विचबोर्डनं केला. दारापाशी बोर्डाभोवती तळहाताएवढा भाग रोज हात लागून काळपट होतो. इमल्शनवर ओलं फडकं आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हलकेच पुसलं की संपलं. डिस्टेंपरमध्ये भुकटी जास्त आणि धरून ठेवणारा चीक कमी. त्यावर तेच फडकं फिरवलं की मळाबरोबर रंगही येतो आणि बोर्डाभोवती फिकट गोल उमटतो. हल्लीचे अ‍ॅक्रिलिक डिस्टेंपर धुता येतात असं डब्यावर असतं, आणि ताज्या रंगावर एकदोनदा ते खरंही ठरतं; सहा-आठ महिन्यांनंतर आम्हाला तसा भरवसा वाटला नाही. बरं, तेवढ्यापुरता रंग लावावा म्हटलं तर शेड जुळत नाही, कारण पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये बहुतेकदा स्टेनरचे (शेड आणणाऱ्या घट्ट रंगाचे) थेंब हातानं मिसळलेले असतात आणि तेच प्रमाण पुन्हा साधत नाही. मग तो गोल झाकायला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा करावी लागते, तीही घर सोडायच्या आठवड्यात, डिपॉझिटची बोलणी चालू असताना. मास्किंग टेपचंही तेच: डिस्टेंपरवरून काढताना ती रंग घेऊनच येते. इमल्शनची शेड मशीनवर बनते, तिला कोड असतो, आणि मॅट असेल तर छोटा ठिपका मिसळून जातो. चकचकीत फिनिश घेतलं तर हा फायदा जातो. तिरप्या उजेडात ठिपका चमकतो.

तरी करार अकरा महिन्यांचाच असेल, पुढे राहायचं नक्की नसेल आणि भिंतीवर डिस्टेंपरच असेल, तर खरवडण्यात दिवस घालवू नका, डिस्टेंपरच द्या. छताला तर कोण हात लावतो? तिथे तो खुशाल वापरावा. भिंतीवर आधीच इमल्शन असेल तर उलट जाऊ नका. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर लोणा (ओलीमुळे येणारे पांढरे क्षार) फुटत असेल तर कुठलाच रंग उपाय नाही. आधी नळाची गळती, आणि ते काम घरमालकाचं.

दारांना जुना ऑइल पेंट असेल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं, म्हणून ते कोरडे घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ओले घासा आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा.

उरलेलं इमल्शन काचेच्या छोट्या बरणीत गच्च भरा आणि झाकणावर शेडचा कोड, खोली, तारीख लिहा. बाकीचा रंग मोरीत ओतू नका. जुन्या कागदांवर वाळवून रिकाम्या डब्यासकट कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका.