ओव्हल हिरा ऑनलाइन घेतल्यानंतर: एका गोव्याच्या पावसाळ्याचा अनुभव

ओव्हल म्हणजे लंबगोल हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर वजन, रंग, शुद्धता सगळं मिळतं. तो बोटात कसा दिसेल हे मात्र त्यावरून कळत नाही. हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था जीआयए ‘कट’चा, म्हणजे घडणीचा, दर्जा देते तो गोल ब्रिलियंट हिऱ्याला, ओव्हलच्या कागदावर फक्त पॉलिश (पैलूंची सफाई) आणि सिमेट्री (पैलूंचा सारखेपणा) असते. ती दोन्ही एक्सलंट असूनही हिरा मधोमध काळाठिक्कर दिसू शकतो. ओव्हल घेताना सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवायचा, तर इथे.

माझा हिरा नैसर्गिक, १.०२ कॅरट, एच रंग (जवळजवळ पांढरा), व्हीएस२ शुद्धता (भिंगाखालीच दिसणारे बारीक दोष), १८ कॅरट पिवळ्या सोन्याच्या अंगठीत. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता दिवाळी होऊन गेली. आम्ही फोंड्याला राहतो. अंगठी रोज बोटात असते: शाळेत शिकवताना, स्वयंपाक करताना, चवथीच्या धांदलीतही.

आधी त्या काळ्या पट्ट्याबद्दल. ओव्हलच्या रुंदीत आडवी सावली पडते, तिला बो-टाय म्हणतात. आपण हिरा बघायला वाकतो तेव्हा आपलंच डोकं आणि खांदे उजेड अडवतात आणि मधले पैलू नेमकं तेच आपल्याला परत दाखवतात. थोडा बो-टाय जवळजवळ प्रत्येक ओव्हलला असतो आणि त्याला घाबरायचं कारण नाही. बघायचं ते हे की हिरा जरासा कलता केल्यावर ती जागा चमकून उठते का. चमकली तर तो जिवंत हिरा. कसाही फिरवला तरी काळी ती काळीच राहिली, तर किंमत कितीही उतरवलेली असो, सोडून द्या.

अडचण अशी की साइटवरचा ३६० अंशांचा व्हिडिओ पांढऱ्याशुभ्र पेटीत घेतलेला असतो. तिथे चहूबाजूंनी उजेड, समोर माणूस नाही, मग सावली पडणार कुठून? म्हणून मी प्रत्येक वेळी विक्रेत्याकडे एकच मागणी केली: हिरा चिमट्यात धरून खिडकीजवळ, साध्या फोनवर, हळूहळू कलवत व्हिडिओ पाठवा. काहींनी टाळलं, त्यांच्याकडून घेतला नाही. ज्यांनी पाठवला त्यांच्यातही चांगले वाटणारे एक-दोन हिरे त्या साध्या उजेडात मधोमध विझलेले दिसले.

दुसरी गोष्ट मिलिमीटरची. आपण कॅरट विचारतो, पण कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. ते वजन पसरलंय की पोटात साठलंय हे मापं सांगतात. माझा हिरा ८.०५ गुणिले ५.७५, खोली ३.४५ मिलिमीटर. खोलीला रुंदीने भागलं की ६० टक्के येतात. त्याच यादीत जवळपास तेवढ्याच वजनाचा दुसरा होता, ७.४ गुणिले ५.६, खोली ६८ टक्के. पैसे एक कॅरटचे, दिसायला मात्र बराच लहान. साधारण ५८ ते ६३ टक्क्यांच्या आतले हिरे आधी बघावेत, पण तो आकडा चाळणीपुरताच. त्या मर्यादेत बसणारे मरगळलेले हिरेही भरपूर असतात.

लांबी भागिले रुंदी माझ्या हिऱ्यात १.४० येते. १.३० च्या खाली गेलं की गोलसर वाटतो, १.५० च्या वर शिडशिडीत. हा आवडीचा भाग. मात्र बाह्यरेषा नीट बघा: दोन्ही टोकं सारखी गोलाई घेतात का, खांदे चपटे पडलेत का. सिमेट्री एक्सलंट असलेल्या हिऱ्यातही मला असे चपटे खांदे दिसले.

रंगाचं सांगायचं तर ओव्हल गोलापेक्षा पिवळसर छटा जास्त दाखवतो, आणि ती टोकांशी साचते. प्लॅटिनममध्ये मी एच घेतला नसता. पिवळ्या सोन्यात मात्र तो स्वच्छ पांढरा दिसतो, आणि वरच्या रंगाचे पैसे वाचतात.

शुद्धतेत दर्जापेक्षा जागा महत्त्वाची. टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, मध्यावर काळा ठिपका नको, टोकापर्यंत पोचणारी फेदर म्हणजे चीर तर नकोच. हिरा कठीण असतो, अतूट नसतो. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला ज्याचं नाव आहे त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की हिरा हातोडीने फुटतो. टोकांशी गर्डल, म्हणजे हिऱ्याची भोवतालची कड, फार पातळ असेल तर साध्या ठोकरीनेही टवका उडू शकतो. आणि एसआय म्हणजे व्हीएसच्या खालच्या शुद्धतेच्या कागदाखाली ‘दर्जा न दाखवलेल्या क्लाउड्सवर (बारीक ठिपक्यांच्या ढगांवर) आधारित’ अशा अर्थाची टीप असली तर हिरा धुरकट असण्याची शक्यता धरून चाला.

मी हिरा आधी सुटाच मागवला, परत करण्याची मुदत लेखी घेऊन. रिपोर्ट नंबर जीआयएच्या साइटवर तपासला. मग आमच्या नेहमीच्या शेटांकडे, म्हणजे सोनाराकडे, गेले. त्यांनी दहापट भिंगाखाली गर्डलवरचा लेझरने कोरलेला नंबर एकेक आकडा वाचला, मी कागदावर ताडून पाहिला. जुळल्यावरच अंगठी घडवायला दिली. अंगठीवरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेची खात्री देतो, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. ही गोष्ट विक्रेते फार सफाईने विसरायला लावतात.

आता इतक्या महिन्यांचं. जुलैच्या ढगाळ उजेडात व्हरांड्यात बसलं की हा हिरा सगळ्यात सुंदर दिसतो, कडेपासून कडेपर्यंत भरलेला. भर उन्हात तो गडद होतो आणि फक्त तीक्ष्ण ठिणग्या फेकतो. हे सगळ्याच हिऱ्यांचं होतं, दोष समजू नये. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली साधा वाटतो. मंगेशीच्या देवळात समयांच्या उजेडात मात्र त्याच्यात जे रंग उठतात, त्यासाठी मी हा पुन्हा घेईन.

तक्रार एकच, आणि ती आमच्या हवेची आणि स्वयंपाकघराची. हिऱ्याला तेलकटपणा पटकन धरतो. नारळ खवला, बांगडे तळले, सनस्क्रीन लावलं की खालच्या बाजूला थर बसतो, आणि ओव्हलमध्ये तो आधी बो-टायमध्ये दिसतो, मध्य काळवंडतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खालून फिरवायचा, की पूर्ववत. पावसाळ्यात मी हे आठवड्याला करते. ब्रश फिरवताना सिंकचं भोक आधी बंद करा.

कोंदणाला सहा प्रॉन्ग, म्हणजे हिरा धरणाऱ्या सोन्याच्या नख्या, घेतले, कारण चारमध्ये टोकं उघडी राहतात. ओढणीचा धागा अडकू लागला की प्रॉन्ग उचललेला असतो, त्याच दिवशी सोनाराकडे जायचं. मिरामारला पाण्यात उतरताना अंगठी घरी ठेवते, गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटू शकते.