त्या रात्री मी कुणाला सांगितलं नाही

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्याच्या खोट्या धाकाने फसून माझे ५५,४९९ रुपये गेले. त्यातले निदान २०,००० मी त्या रात्री तोंड उघडलं असतं तर वाचले असते. ते कसे, हे पुढे येईलच. आमच्या इंदूरच्या मराठी घरांमधून माझ्या वयाच्या कितीतरी बायका आता घरची वीजबिलं, गॅस, तिकिटं, पेन्शनची कामं कॉम्प्युटरवर करतात. त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचा कॉम्प्युटर २०१७ सालचा, विंडोज १० चा. मंडळाच्या वार्षिक अंकाची जुळणी मी घरीच करते. जुने लेख कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात, ते आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर, म्हणजे अक्षरं बदलून देणारा प्रोग्राम, लागतो. डिसेंबरात असाच एक फुकटचा कन्व्हर्टर शोधत होते. एका साइटवर चौकट आली: तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा. दाबलं. कन्व्हर्टर काही चालला नाही, म्हणून साइट बंद करून दुसरी शोधली आणि ती विसरूनही गेले.

सगळ्याचं मूळ त्या एका बटणात होतं. रोबॉटचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या साइटला माझ्या स्क्रीनवर नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मी दिली होती. दुसऱ्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यात खाली ढालीचं चित्र असलेल्या चिठ्ठ्या येऊ लागल्या: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस', 'तुमचं संरक्षण आज संपत आहे'. दिसायला हुबेहूब विंडोजच्या स्वतःच्या सूचनेसारख्या. कॉम्प्युटरमध्ये एकही व्हायरस शिरलेला नव्हता, ब्राउझर फक्त जाहिराती दाखवत होता. पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे मी पेपरात वाचलं होतं. ती धास्ती मनात होतीच, त्यामुळे चिठ्ठ्या खऱ्या वाटल्या.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी दुपारी ठरवलं की चांगलं अँटीव्हायरस घ्यायचं. हे आत झोपले होते. मी शोध घेतला आणि सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर क्लिक केलं. वर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. पान उघडताच पूर्ण स्क्रीन लाल झाली, कर्कश बीप सुरू झाला, माउसचा बाण दिसेना. एक बाईचा आवाज सांगू लागला की कॉम्प्युटर बंद करू नका, सगळा डेटा जाईल. मधोमध एक टोल फ्री नंबर.

त्या क्षणी काय करायचं असतं ते आता मला पाठ आहे. एस्केपची कळ दाबून धरायची, म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापलेलं पान लहान होतं. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन सरळ बंद करायचं. साठवलेला डेटा जात नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर 'आधीची पानं उघडू का' विचारतो, तिथे नाही म्हणायचं. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कधीच नाही. तेवढं माहीत असतं तर मी तो नंबर लावलाच नसता.

फोनवर एक तरुण मुलगा होता. अत्यंत अदबीने बोलणारा. "आंटीजी, आप घबराइए मत, मैं हूँ ना." आवाजात इतकी आपुलकी की माझा जीव भांड्यात पडला. त्याने मला विंडोजची कळ आणि आर दाबायला लावलं, एक शब्द अक्षर अक्षर सांगून टाइप करून घेतला. इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. "हे सगळे व्हायरस आहेत, मोजा." मी खरोखर मोजायला लागले. ती यादी प्रत्येक विंडोज मशीनमध्ये असते. एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला, प्रिंटर सापडला नाही, अशा बारीकसारीक नोंदी तिथे रोज पडतात. नव्या कोऱ्या कॉम्प्युटरमध्येही लाल खुणा दिसतील.

मग काळी खिडकी उघडून दुसरा शब्द टाइप करून घेतला. आकड्यांच्या रांगा आल्या, वर एका रकान्यावर 'फॉरेन अ‍ॅड्रेस' लिहिलेलं. "देखिए, विदेशी लोग आपके कंप्यूटर में बैठे हैं." तिथे फॉरेन म्हणजे जोडणीचं पलीकडचं टोक, एवढाच अर्थ. मेलची साइट उघडी असली तरी तिचा पत्ता त्या रकान्यात दिसतो. पण मला तो शब्द वाचता येत होता, त्यामुळे पुरावा डोळ्यांसमोर आहे असं वाटलं. या लोकांची सगळी कला एवढीच आहे. खऱ्या गोष्टी दाखवतात आणि खोटा अर्थ सांगतात.

त्यानंतर एनीडेस्क उतरवून घेतलं. ते खरं, कामाचं सॉफ्टवेअर आहे, कंपन्यांतले लोक लांबून दुरुस्ती करायला तेच वापरतात. त्यावर दिसलेले आकडे मी वाचून दाखवले, 'ॲक्सेप्ट' दाबलं आणि माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. तीन वर्षांच्या संरक्षणाचे ६,९९९ रुपये यूपीआयने घेतले. पैसे घेणाऱ्याच्या नावात कंपनीचं नाव नव्हतं, कुण्या माणसाचं होतं. ते मला खटकलं. "वो हमारे अकाउंटेंट हैं," तो म्हणाला आणि मी गप्प बसले.

इथपर्यंत सात हजारांत सुटले असते. मग तो म्हणाला की ज्येष्ठ नागरिकांना अर्धे पैसे परत मिळतात, नेटबँकिंग उघडा, आत्ता जमा करतो. मी लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली. मध्ये फक्त 'अपडेट चालू आहे' अशी इंग्रजी ओळ. त्या काळ्या पडद्यामागे तो माझ्या खात्यात काम करत होता. फोनवर दोन ओटीपी आले. पहिल्या संदेशात नवीन बेनिफिशियरी (म्हणजे पैसे घेणारं खातं) जोडण्यासाठी असं लिहिलं होतं, दुसऱ्यात ४८,५०० रुपये पाठवण्यासाठी असं. मी दोन्ही वेळा फक्त सहा आकडे पाहिले आणि वाचून दाखवले. वरची ओळ वाचली नाही. ४८,५०० हाच आकडा का, हे नंतर कळलं. आमच्या बँकेत नवीन खातं जोडलं की पहिल्या दिवशी पन्नास हजारांच्या वर पाठवता येत नाहीत.

सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. बँकेचा संदेश पाहून मी "ये क्या हुआ?" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

आणि मी काय केलं? कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि तिळाचे लाडू वळायला घेतले. यांनी विचारलं, "कुणाचा फोन होता एवढा वेळ?" मी म्हटलं, मंडळातल्या बाईंचा. घरातले सगळे ऑनलाइन व्यवहार मी बघते. मुलगी बाहेरगावी असते, ती अभिमानाने लोकांना सांगते की आईला सगळं येतं. ते हातून जाईल, उद्यापासून कुणी मला पासवर्डसुद्धा सांगणार नाही, ही भीती पैशांपेक्षा मोठी झाली. रात्रभर जागी होते. सकाळी साडेनऊला चहा देताना रडू फुटलं तेव्हा यांना कळलं. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, सरळ फोन हातात दिला आणि १९३० लावायला सांगितलं.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. तिथे खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून बँकेचा संदेश समोर ठेवूनच फोन करावा. ते पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच कळवतात आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम तिथेच अडवली जाते. रीतसर तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवता येते. माझे ८,५०० अडकले. बाकीच्यांचं काय झालं ते सायबर शाखेतल्या उपनिरीक्षक बाईंनी पुढे सांगितलं: २०,००० त्याच रात्री नऊनंतर एटीएममधून काढले, आणि दिवसाची मर्यादा संपली म्हणून पुढचे २०,००० मध्यरात्र उलटल्यावर, बारा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे मी लाडू वळत होते तेव्हा सगळे ४८,५०० अजून त्या खात्यात होते. रात्री अकरा वाजता फोन केला असता तरी २८,५०० अडकले असते.

बँकेत गेले तर त्यांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक समोर ठेवलं. ग्राहकाने स्वतः ओटीपीसारखी माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. नियम कडक होता, पण त्यातही पुन्हा घड्याळच होतं.

रविवारी भाचा आला. इथल्याच विजयनगरच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. आधी त्याने नेटची वायर काढली. सगळे पासवर्ड त्या मशीनवरून नव्हे, माझ्या फोनवरून बदलून घेतले, कारण मशीनमध्ये काही बसवलं असेल तर नवा पासवर्डही त्यांना दिसला असता. मग एनीडेस्क काढलं. त्याच्या शेजारी आणखी दोन प्रोग्राम निघाले, ते मी बसवलेलेच नव्हते. आणि विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसमध्ये, म्हणजे डिफेंडरमध्ये, त्याने मला एक जागा दाखवली, ती मात्र मी जन्मात शोधली नसती. तिथे 'हे तपासू नकोस' अशी यादी असते, आणि त्यात अख्खी सी ड्राइव्ह घातलेली होती. म्हणजे पहारेकरी दारात उभा, पण घराकडे पाठ करून. सात हजारांच्या 'संरक्षणा'त मला मिळालं ते एवढंच.

ती नोंद काढून फुल स्कॅन केला, नंतर ऑफलाइन स्कॅन. त्यात मशीन पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं लागतात. ते दोन प्रोग्राम त्यात पकडले गेले. तरी भाचा समाधानी नव्हता. "मावशी, अनोळखी माणूस अडीच तास इथे बसून होता. काय काय केलं ते आपल्याला पूर्ण कळणार नाही." म्हणून लेख आणि फोटो पेन ड्राइव्हवर काढून विंडोज पुन्हा नव्याने टाकलं. तो बरोबर होता. स्कॅन स्वच्छ आला म्हणून अशा मशीनवर बँक उघडू नये, असं आता माझंही ठाम मत आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइटची यादी असते, तीही त्याने उघडून दाखवली होती. कन्व्हर्टरवाली साइट तिथे निवांत बसलेली होती. ती एक ओळ पुसणं, डिसेंबरातल्या माझ्या 'व्हायरस'वरचा उपाय एवढाच होता. फुकटात, अर्ध्या मिनिटात.

मग अँटीव्हायरस कोणतं घ्यायचं? मी त्याला तेच विचारलं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो, त्याचे पैसे लागत नाहीत, आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं त्याचं म्हणणं. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्हज या स्वतंत्र संस्था अशा सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात, घेण्याआधी ते बघावेत, जाहिरात बघू नये. विकतचं घ्यायचंच असेल तर आपल्या पुण्याचं क्विक हीलसारखं माहितीतलं नाव दुकानातून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावं, पत्ता आपण टाइप करून. एका वेळी दोन ठेवू नयेत, ती एकमेकांत अडकून मशीन संथ करतात. शिवाय भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथे मशीनमधले बॉट, म्हणजे परक्याच्या हुकमावर चालणारे छुपे प्रोग्राम, काढायची साधनं मोफत मिळतात. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या आमच्या शहरात हे केंद्र किती कमी जणांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या मशीनचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ नियमाप्रमाणे चढत नाही. पण विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवली तर पैसे पडत नाहीत. तेवढं करून घेतलं. ज्या भीतीपोटी मी अँटीव्हायरस शोधायला निघाले, तिचं उत्तर सेटिंगमध्येच होतं.

तक्रारीनंतर दहा दिवसांनी एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला २,२०० रुपये फी भरा. माझं नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर सांगितलं. ही माहिती त्याच टोळीकडे असणार, दुसरीकडून येणार कुठून? मी फोन ठेवला आणि लगेच उपनिरीक्षक बाईंना तो नंबर कळवला. ज्यांचं एकदा गेलं आहे त्यांना असा दुसरा फोन येतोच, असं त्या म्हणाल्या.

रथसप्तमीच्या आधी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाण देऊन झाल्यावर मी सगळं सांगितलं, रक्कमसुद्धा. सुरुवातीला हात कापत होते. अकरा जणींपैकी तिघींच्या कॉम्प्युटरवर त्या ढालीच्या चिठ्ठ्या येत होत्या. एकीने तर टोल फ्री नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, मुलगा ऑफिसला गेला की सोमवारी फोन करणार होती. मी तशीच तिच्या घरी गेले. आम्ही दोघींनी ब्राउझरमधली यादी उघडली. तिच्याकडे सात साइट निघाल्या.